एकाच नावाच्या अनेक गिटारी

‘३३५ टाइप, सेमी-हॉलो, घरच्या घरी वाजवलेली, कंडिशन एकदम टकाटक.’ सेकंडहँड गिटारीच्या जाहिरातीत असं काही वाचलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: दोन्ही बाजूंना गोलसर कान, पोटावर दोन एफ-होल, लालचुटूक रंग. चित्र बहुधा बरोबरच असतं. आत ठोकळा आहे की नुसती पोकळी, नेक जाड की पातळ, गिटार कोणत्या साली आणि कोणत्या कारखान्यात बनली, हे मात्र त्यातून कळत नाही. ते कळेपर्यंत ‘३३५’ हे नुसतं आडनाव आहे. घराणं समजतं, माणूस समजत नाही.

हे घराणं सुरू झालं १९५८ साली, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी. गिब्सन कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या अॅम्प्लिफायरपुढे धरली की शिट्ट्या मारते, म्हणजे फीडबॅक देते. भरीव गिटार शिट्ट्या मारत नाही, पण ती जड आणि तिच्या आवाजाला पोकळ गिटारीचा घुमारा नाही. मॅकार्टींनी दोघींचं लग्न लावलं. सोळा इंच रुंद, जेमतेम पावणेदोन इंच जाड बॉडी. पोट आणि पाठ मेपलच्या प्लायवूडची. आणि मधोमध नेकपासून खालच्या टोकापर्यंत मेपलचा ठोकळा. पिकअप आणि ब्रिज त्या ठोकळ्यावर बसतात, दोन्ही पंख पोकळ राहतात. आता पोट कमानदार आणि ठोकळा सपाट, म्हणजे मधे फट राहणारच. ती भरायला स्प्रूसच्या पट्ट्या. ‘प्लायवूड’ म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की या गिटारीची सगळी कीर्ती प्लायवूडवरच उभी आहे.

इतक्या जोडांच्या वस्तूत फरक पडणारच. पण सगळे फरक सारखे नसतात, आणि जुनी गिटार घेणारे इथेच गोंधळतात. काही फरक किंमत बदलतात पण हाताला जाणवत नाहीत. काही पहिल्या मिनिटात हाताला जाणवतात, पण जाहिरातीत कुणी लिहीत नाही. आवाजात पडणारे फरक तिसरे, आणि ते कोणत्याच यादीत नीट बसत नाहीत. विक्रेता पहिल्या प्रकाराबद्दल भरभरून बोलतो. घेणाऱ्यानं दुसऱ्यापासून सुरुवात करावी.

एकाच ३३५चा इतिहास या नजरेनं पाहण्यासारखा आहे. पहिल्या वर्षीच्या काही गिटारींच्या नेकला बाइंडिंगसुद्धा नव्हतं. १९५९चा नेक भरदार, १९६०चा एकदम सडपातळ. नंतर साठच्या दशकाच्या पूर्वार्धातच तो पुन्हा भरला. सुरुवातीचं पिकगार्ड लांब, ब्रिजच्याही खाली जाणारं. पुढे ते आखूड झालं. फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांच्या जागी १९६२ साली छोटे चौकोन आले. बॉडीचे कान आधी मिकी माऊससारखे गोल, नंतर किंचित टोकदार. नैसर्गिक लाकडी रंगाच्या गिटारी १९५८ ते १९६० या तीन वर्षांत मिळून २०९ एवढ्याच गेल्या, म्हणून संग्राहक त्यांच्यामागे वेडे. यातला नेक सोडला तर बाकी सगळं नजरेचं आणि पैशाचं. ठिपके आणि चौकोन वाजवताना हाताला कळत नाहीत.

खरी भेग पडते १९६५च्या आसपास. तोवर नटची, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, रुंदी १ पूर्णांक ११/१६ इंच होती, म्हणजे साधारण ४३ मिलिमीटर. ती १ पूर्णांक ९/१६ इंचांवर, जवळपास ४० मिलिमीटरवर आली. तीन मिलिमीटर म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण सहा तारा त्या जागेत बसवायच्या असतात. जाड बोटांच्या माणसाला पहिल्या तीन फ्रेटवर ए मेजर धरताना दुसऱ्याच्या खोलीत पाहुणा म्हणून झोपल्यासारखं होतं. त्याच सुमारास ठोकळ्यात दोन बोल्ट घालून बसवलेला स्टॉप टेलपीस गेला आणि खालच्या टोकाला अडकवलेला, झोपाळ्यासारखा ट्रॅपीझ आला. निकेलच्या भागांवर क्रोम आलं. हेडस्टॉकचा मागे झुकण्याचा कोन सतरा अंशांवरून चौदावर आला. यातलं क्रोम फक्त दिसतं. नट आणि टेलपीस हाताला आणि तारेच्या ताणाला कळतात.

एरिक क्लॅप्टनची चेरी रंगाची ३३५ नेमकी १९६४ची, या भेगेच्या अलीकडची. २००४च्या जूनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ८ लाख ४७ हजार ५०० डॉलर्सना गेली. अर्थात ती किंमत क्लॅप्टनची होती, नटची नव्हे. पण तेव्हापासून ‘६४’ या आकड्याला जे तेज आलं ते शेजारच्या ‘६६’ला कधी आलं नाही. आणि तरी लॅरी कार्लटनला ‘मिस्टर ३३५’ हे नाव मिळवून देणारी गिटार साठच्या दशकाच्या अखेरची आहे. स्टीली डॅनच्या १९७६च्या ‘किड शार्लमेन’ मधला त्याचा सोलो ऐकून ‘पण नट अरुंद होता’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

१९६९च्या अखेरीस गिब्सनची मालकी इक्वेडोरमध्ये बिअर आणि सिमेंटचा धंदा करणाऱ्या एका कंपनीकडे गेली. पुढे ती नॉर्लिन नावाने ओळखली जाऊ लागली, आणि गिटारवाल्यांच्या बोलण्यात ‘नॉर्लिन’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. या काळात नेक एका तुकड्याऐवजी तीन तुकड्यांचे होऊ लागले, हेडस्टॉकच्या मागे गळ्याशी एक उंचवटा आला, नंबराखाली ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का बसू लागला, आणि १९७७ला कॉइल टॅपचं जादा बटण आलं. उंचवटा आणि तीन तुकडे हे दोन्ही बदल नेक मोडू नये म्हणून केलेले होते, आणि त्या अर्थी शहाणपणाचे होते. संग्राहकांना मात्र तेच खुपतात. माझं मत असं की सत्तरच्या दशकातली ३३५ वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये आणि वाजवून पाहिल्याशिवाय नाकारूही नये. त्या दहा वर्षांत कामाचा दर्जा खालीवर फार झाला. म्हणजे वाईट गिटारींत चांगल्या दडलेल्या आहेत, आणि भाव मात्र वाईटाचा.

१९८१ साली कंपनीनं स्वतःच ठिपके आणि स्टॉप टेलपीस परत आणून ‘३३५ डॉट’ काढली. त्यातल्या पिकअपमागे टिम शॉ या अभियंत्याचं काम होतं. घेणाऱ्याच्या दृष्टीनं हा काळ मला सर्वांत समंजस वाटतो: जुन्याची शिस्त आहे, जुन्याचा भाव नाही. १९८४ साली कॅलमझूचा कारखाना बंद झाला आणि सगळं नॅशव्हिलला गेलं. मागे राहिलेल्या कारागिरांपैकी काहींनी १९८५ला त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज ही कंपनी काढली. तिची एच-५३५ म्हणजे नाव नसलेली ३३५च. २००० पासून पोकळ आणि अर्धपोकळ गिटारींसाठी मेम्फिसचा वेगळा कारखाना चालला. २०१८ला कंपनी दिवाळखोरीत गेली, त्या उलथापालथीत मेम्फिस बंद होऊन काम पुन्हा नॅशव्हिलला आलं. ‘मेम्फिसची आहे’ हे वाक्य त्यामुळे आता जुन्या बाजारात मुद्दाम सांगितलं जातं, कधी कौतुकानं, कधी दबक्या आवाजात. मेम्फिसची म्हणून काही एक ठरावीक चव आहे असं मानायला मी तयार नाही. तिथे साध्या सॅटिन फिनिशच्याही गिटारी बनल्या आणि पन्नाशीतल्या मापांच्या महागड्या प्रतिकृतीही.

मग साल ओळखायचं कसं? ‘नंबर बघा’ असं सगळे सांगतात, आणि नंबरच सगळ्यात जास्त फसवतो. अगदी सुरुवातीच्या ३३५मध्ये नंबर आतल्या लेबलवर, ‘ए’ अक्षरानं सुरू होणारा. शिवाय आत लाकडावर कारखान्याच्या ऑर्डरचा शिक्का, त्यातलं अक्षर उलट क्रमानं सरकणारं: १९५८ला टी, १९५९ला एस, १९६०ला आर, १९६१ला क्यू. तिथपर्यंत ठीक. पण नंतर हेडस्टॉकवर ठोकलेले साठच्या दशकातले नंबर कंपनीनं बिनदिक्कत पुन्हा पुन्हा वापरले. एकाच नंबराची गिटार १९६४ची निघू शकते आणि १९६८चीही. १९७७ पासून मात्र पुढची बरीच वर्षं आठ आकडी पद्धत सुरळीत चालली: पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन वर्षातला दिवस. ८२७६५५४२ असा नंबर असेल तर ती गिटार १९८५च्या २७६व्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला नंबर पडलेली. शेवटचे तीन आकडे ५००च्या वर, म्हणून नॅशव्हिलची.

साठीतल्या गिटारीसाठी नंबरापेक्षा बटणांखालच्या पोटेन्शिओमीटरवरचा कोड जास्त प्रामाणिक. १३४ म्हणजे सेंट्रलॅब, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन आकडे साल, त्यापुढचे दोन आठवडा. १३७६६२२ म्हणजे सीटीएसनं १९६६च्या बाविसाव्या आठवड्यात बनवलेला भाग. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, एवढंच त्यावरून ठरतं. तो भाग मागाहून बदललेला असेल तर तेही नाही. आणि ३३५मध्ये हा कोड वाचायचा म्हणजे एफ-होलमधून दाताच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा आत सरकवून, मोबाइलच्या उजेडात, मान वाकडी करून. विक्रेत्याला हे करताना बघायला आवडत नाही. ज्याला आवडत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

तोच आरसा आणखी एका कामाचा आहे, आणि ते काम साल ओळखण्यापेक्षा महत्त्वाचं. एफ-होलमधून आत बघितलं की मधे लाकडाची भिंत दिसायला हवी. भिंत नसेल तर ती सेमी-हॉलो नव्हेच. गिब्सनची ईएस-३३० बाहेरून ३३५ची जुळी बहीण, आत मात्र पूर्ण पोकळ. शिवाय तिचा नेक बॉडीत जास्त खोल घुसलेला, सोळाव्या फ्रेटलाच जोडलेला, त्यामुळे वरच्या सुरांपर्यंत हात जात नाही. एपिफोन कॅसिनोही तशीच पोकळ. बीटल्सनी ती वाजवली म्हणून तिला मागणी फार, आणि ‘बीटल्सवाली सेमी-हॉलो’ म्हणून विकली जाते. मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये ती घेऊन उभं राहिलात की पहिल्याच कॉर्डला शिट्टी ऐकू येईल. आयबानेझमध्ये ‘एएस’ म्हणजे ठोकळ्यासकट, ‘एएफ’ म्हणजे पोकळ. ग्रेचच्या इलेक्ट्रोमॅटिकमध्ये ५४२० पोकळ आणि ५६२२ ठोकळ्याची: अक्षरं तीच, आकड्यांचा फरक. नावांचा तर आणखीच घोळ. ‘ईएस-३३५ स्टुडिओ’ १९८६ला निघाली तेव्हा तिला एफ-होलच नव्हते. त्याच नावानं पुढच्या काळात निघालेलीला आहेत. फेंडरची स्टारकास्टर सत्तरच्या दशकातली खरीखुरी अर्धपोकळ गिटार, आणि नंतर त्याच नावानं अमेरिकेत नवशिक्यांसाठी स्वस्त भरीव गिटारी विकल्या गेल्या. जाहिरातीत फोटो नसेल तर नुसत्या नावावर फोनही करू नये.

आपल्याकडे प्रत्यक्ष हातात येतात त्या बहुतेक आशियाई कारखान्यांतल्या. गिब्सननं एपिफोन १९५७लाच विकत घेतली होती. १९७०च्या सुमारास तिचं उत्पादन जपानला गेलं, मात्सुमोकूच्या कारखान्यात. त्या काळातली ईए-२५० दिसायला ३३५सारखीच, पण तिचा नेक स्क्रूनं जोडलेला. वाजवायला वाईट नाही, पण गोष्टच वेगळी. पुढे कोरिया आला, मग चीन, जिथे किंगदाओला २००४ पासून एपिफोनचा स्वतःचा कारखाना आहे. कोरियन एपिफोनचा नंबर अक्षरानं सुरू होतो आणि अक्षर कारखान्याचं: एस म्हणजे सॅमिक, यू म्हणजे अनसंग, पी म्हणजे पीअरलेस. माझ्याकडची शेराटन टू ‘एस’ अक्षराची आहे. तिचा नेक जाड, पॉलिएस्टरचा थर मधाच्या पोळीसारखा, आणि तरीही ती सुरात राहते म्हणजे राहतेच. त्याच मॉडेलची, दुसऱ्या अक्षराची गिटार मित्राकडे आहे. डोळे मिटून दोन्ही वाजवल्या तर हाताला क्षणात कळतं कोणती कुठली, कानाला कळायला वेळ लागतो.

जपानी गिटारींबद्दल थोडं थांबावं असं आहे. सत्तरीच्या उत्तरार्धात तिथल्या कारखान्यांनी नक्कल करताकरता मूळ कंपनीपेक्षा काटेकोर काम सुरू केलं. फुजिजेन कारखान्यातली आयबानेझ एएस-२०० ही त्यातली ठळक. जॉन स्कोफिल्डची १९८१ची एएस-२०० इतकी गाजली की पुढे कंपनीनं त्याच्या नावानं मॉडेल काढलं. त्या काळच्या आयबानेझचा नंबर वाचायला सोपा: पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे साल. ‘एच८१’नं सुरुवात असेल तर ऑगस्ट १९८१. आयबानेझची आर्टकोर ही २००२ पासूनची चिनी मालिका मात्र निराळी गोष्ट. तिच्यात घडाई नेटकी, पण लोखंडी भाग आणि वायरिंग काटकसरीचे. यामाहाच्या एसए मालिकेबद्दल कमी बोललं जातं, म्हणून तिचा भाव अजून शहाणा आहे.

इथवरचे फरक वर्ष-वर्षातले, कारखान्या-कारखान्यांतले. एकाच महिन्यातल्या, एकाच बाकावरच्या दोन गिटारींतला फरक मोजायला मात्र कुठलंच कोष्टक नाही. पन्नाशीतल्या गिब्सनचे पीएएफ पिकअप याचं सर्वांत सुंदर उदाहरण. तार गुंडाळणारी यंत्रं ठरावीक वेढ्यांनंतर आपोआप थांबत नसत. चालवणारी व्यक्ती अंदाजानं थांबवी. त्यामुळे कुठे वेढे जास्त, कुठे कमी, रेझिस्टन्स सात ते नऊ किलोओहमच्या मधे कुठेही. चुंबकही अल्निकोचे जे हाताला लागतील ते. मधे काळं प्लॅस्टिक कमी पडलं तर दुधी रंगाच्या बॉबिन वापरल्या, आणि आज तेच काळं-पांढरं ‘झेब्रा’ म्हणून जादा पैशानं विकलं जातं! ज्याला आपण जादू म्हणतो ती बऱ्याच अंशी ढिलाई होती. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून तंबोरा घ्यायला माणूस स्वतः जातो आणि चारदोन तंबोरे छेडून बघतो. कारखान्याची वस्तू म्हटली की मात्र आपण फोटो बघून पैसे पाठवतो.

शेवटी कारखान्यानं केलेला फरक आणि नंतरच्या मालकानं केलेला फरक वेगळे ओळखता यायला हवेत. ट्रॅपीझ काढून स्टॉप टेलपीस बसवलेली ३३५ नेहमी भेटते. त्यासाठी पोटावर दोन नवी भोकं पाडावी लागतात आणि वाद्य वाजवायला कितीही सुधारलं तरी संग्राहकासाठी ते घटलंच. याउलट काही जुन्या गिटारी कारखान्यातूनच बिग्सबी नावाच्या, दांडीनं सूर हलवणाऱ्या टेलपीससकट निघत, आणि स्टॉपसाठी आधीच पाडलेली भोकं ‘कस्टम मेड’ लिहिलेल्या छोट्या पट्टीनं झाकलेली असत. ती पट्टी म्हणजे डागडुजी नव्हे, मूळ आहे. सर्वांत आधी तपासायची जागा हेडस्टॉकचा गळा. महोगनी, मागे झुकलेला कोन, आणि ट्रस रॉडसाठी कोरलेला खड्डा, या तिन्हींमुळे पडली की गिटार तिथेच मोडते. चांगली जोडलेली गिटार वर्षानुवर्षं वाजते, पण किंमत निम्म्याच्या आसपास येते. मोड सांगून कमी भावात मिळत असेल तर वाजवणाऱ्यासाठी तो उत्तम सौदा. न सांगता मिळाली तर तीच फसवणूक. अतिनील टॉर्चखाली नवा रंग वेगळा चमकतो. ट्रस रॉडवरच्या झाकणीला गिब्सन दोन स्क्रू लावते. ‘गिब्सन’ म्हणून आलेल्या गिटारीला तीन दिसले तर तिथूनच परत फिरावं. आणि दोन पिकअपची चारही बटणं, स्विच, जॅक सगळं फिरवून, हलवून बघावं. भरीव गिटारीत मागचं झाकण काढलं की काम होतं. ३३५मध्ये सगळं वायरिंग दोऱ्या बांधून एफ-होलमधून बाहेर ओढायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा त्याच वाटेनं आत घालायचं. एका करकरणाऱ्या बटणासाठी कारागीर जो भाव सांगतो तो ऐकून मी एकदा तसंच करकरत वाजवत राहिलो.

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्यानं आणखी एक बघावं. गिटार बनवणाऱ्यांच्या मते वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. प्लायवूडचं पोट हे भरीव लाकडाच्या पोटापेक्षा चांगलं सोसतं. नेक, बाइंडिंगचे सांधे आणि फ्रेटची टोकं मात्र नाही. म्हणून इथे पाच-सहा पावसाळे काढलेली गिटार नीट असेल तर ती नीट राहण्याची शक्यता जास्त. आत्ताच परदेशातून आलेलीचा नेक अजून इथली हवा शिकतो आहे. केसचं झाकण उघडल्यावर पहिला वास घ्यावा. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर रबरी स्टँडला चिकटून विरघळतो, तेव्हा गळ्यामागे आणि बॉडीच्या खालच्या कडेला चिकट डाग आहेत का तेही.

फ्रेटबोर्डच्या लाकडाशी आपला संबंध जरा जवळचा आहे. सुरुवातीच्या ३३५चे बोर्ड ब्राझीलच्या रोजवूडचे. ते मिळेनासं होऊ लागलं तसं गिटार कारखान्यांनी भारतातलं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारं शिसवीचं लाकूड घ्यायला सुरुवात केली. २०११ साली अमेरिकी सरकारनं गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापा घातला तो भारतातून गेलेल्या रोजवूड आणि एबनीवरूनच. त्यानंतरच्या काही गिटारींना भाजलेल्या मेपलचे बोर्ड लागले ते याच भीतीनं. २०१२च्या आसपासची गिटार घेताना म्हणून बोर्ड कशाचा आहे ते विचारून घ्यावं. २०१७च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापार-करारानुसार सगळ्या रोजवूडच्या वाद्यांना सीमेपार विकताना कागदपत्रं लागू लागली. २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझीलचं रोजवूड १९९२ पासून त्याच कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. परदेशातला विक्रेता जुन्या गिटारीबद्दल ‘बोर्ड ब्राझिलियन’ असं कौतुकानं सांगू लागला, की भाव करण्याआधी त्याच्याकडे परवान्याचे कागद मागावेत.